नको म्हणायला गेलो टोकावड्याला

साल दोन हजार तेवीस. मी तेव्हा एकाहत्तर वर्षांचा होतो आणि तोवर कुणाचं फुकटचं काही घेतलं नव्हतं. लग्नात आहेराची टोपीसुद्धा मी परत करतो. नातेवाइकांना माहीत आहे, ते आता देतच नाहीत. अशा माणसाला मुरबाड तालुक्यातला कुणी अनोळखी माणूस मरताना भाताचं शेत ठेवून गेला, हे कळलं तेव्हा आख्खा गाव मला बघायला ओट्यावर येऊन बसला. जसा काही मी त्या दिवशी नवीनच झालो होतो.

तिकडं काय झालं ते सगळे विचारतात. तोंडी सांगायला गेलो की दर वेळी वेगळंच सांगून होतं, आणि ऐकणारे मधेच शहाणपणा शिकवतात. लिहिलेल्याला मधे कुणी बोलत नाही. माझी शाळा चौथीत सुटली, अक्षर मोठं आहे, पण वाचता येतं. म्हणून लिहितो.

आमचं गाव शहापूर तालुक्यात, शेणव्याजवळ. मुरबाड म्हटलं तर शेजारचा तालुका. पण आमच्याकडच्या माणसाचं तोंड आसनगावच्या स्टेशनाकडं. काम, कोर्ट, दवाखाना, सगळं त्या बाजूला. मुरबाडला रेल्वे नाही, म्हणून तिकडं आमचं काही निघतच नाही. डोंगर तोच, पाऊस तोच, पण ती माणसं आम्हाला नाशिकवाल्यांपेक्षा लांबची.

फोन आला तो टोकावड्याच्या वरच्या अंगाला एक पाडा आहे, तिथल्या पोलीस पाटलाचा. नाव बाळाराम.

"चांगोदादा वारला," तो बोलला. "खालचा शेत तुमच्या नावानं करून गेला. रीतसर कागद झालाय. तुमी येऊन जा."

"कोण चांगो?"

"असा कसा कोण? तुमाला ठावं नाय?"

"नाय."

तिकडं कागदाची सळसळ झाली. मग बोलला, "शेणव्याकडचा वाळकू तुमीच ना? बापाचं नाव धाऊ?" नाव बरोबर होतं. माणूस चुकीचा नव्हता आणि तरी सगळं चुकीचं वाटत होतं.

माझा मुलगा प्रकाश कल्याणला कंपनीत आहे. तो बोलला, "बाबा, घ्या आणि विकून टाका. तिकडं बंगल्यांचे प्लॉट पडतायत." मी म्हटलं, जे माझं नाही ते मी विकू कसा? मी जाऊन नको म्हणून सांगणार. चुलीपुढं बसलेली आमची म्हातारी बोलली, "नको बोलायला एवढ्या लांब कशाला? फोनवर बोला."

"नको हे तोंडावर बोलायचं असतं."

"मग तोंड धुऊन जा."

पहिला दिवस: आधी मुरबाड

वाट सोपी आहे. शेणव्याहून किन्हवली, किन्हवलीहून सरळगाव, आणि तिथं मोठा रस्ता लागला की घाटाच्या बाजूला टोकावडे. सरळगावच्या फाट्यावर जीप उभी होती. विचारलं असतं तर कळलं असतं. पण पांढऱ्या मिशीच्या माणसानं फाट्यावर उभं राहून "ही कुठं जाते रे" करायचं, हे मला जमत नाही. मी जीपचं तोंड बघितलं, माणसं बघितली, मनाशी ठरवलं आणि बसलो. ती मुरबाडला गेली.

स्टँडवर उतरताना ड्रायव्हरला कळलं. "ओ बाबा, टोकावडा मागं रायला! वाटेत बोलायचा ना."

"मला मुरबाड बघायचंच होतं."

"मग बघा," बोलला आणि हसत निघून गेला.

मग मी मुरबाड बघितलं. बोललो होतो तर बघणं भाग होतं. स्टँड भरलेला, माणसं कल्याणच्या गाडीला तोंड लावून उभी, पण आमच्या आसनगावला गाडी येताना जशी पळापळ होते तशी इथं नाही. गाडी येईल तेव्हा येईल असे उभे. मला ते बरं वाटलं. बाजारात सुक्या मासळीच्या बायका ओळीनं बसलेल्या, जवळ्याचे ढीग, बोंबलांच्या जुड्या, आणि शेजारीच हिरव्या कैऱ्या, म्हणजे कालवणाचं सगळं एका हाताच्या अंतरावर. आमच्या शहापूरच्या बाजारात कैरी एका टोकाला आणि जवळा दुसऱ्या. ही गोष्ट मात्र मुरबाडवाल्यांनी डोकं लावून केली आहे.

एका हॉटेलात चहा-भजी घेतली. मालक गल्ल्यावर बसून सगळ्यांच्या चौकशा करत होता. मी सांगायला नको होतं, पण बोलून गेलो. त्यानं हिशेबाची पाटी बाजूला सारली आणि माझ्यासमोर येऊन बसला.

"बाबा, फुकट शेत कोनी देत नाय. एक तर तो त्याचं पाप फेडतोय, नायतर तुमच्या गळ्यात घालतोय."

"मी त्याला ओळखतच नाय."

"तेच तर. वळखीच्या मानसाला कोन फसवतो?"

भजी चांगली होती. पण अर्धी बशीत ठेवून मी उठलो.

घाटाकडच्या एसटीत खिडकीला जागा मिळाली. चैत्राचं ऊन, शेतं मोकळी, आणि समोर माळशेजचा डोंगर भिंतीसारखा उभा राहत जातो. बघण्यासारखं आहे, कधी जाल तर डाव्या-उजव्याचा विचार न करता समोर बघा. रस्त्याच्या कडेला मात्र पाट्याच पाट्या. डोंगराचा देखावा, नदीचा काठ, बंगल्याची जागा. ज्याला आम्ही नुसतं शेत म्हणतो त्याला इथं एवढी नावं पडलेली.

टोकावड्याला बाळाराम पाटील मोटारसायकल घेऊन आला होता. मी तरुण माणसाच्या मागं बसत नाही. पाय धड आहेत. मग मी चालत आणि तो शेजारून घर्र घर्र करत पहिल्या गिअरमध्ये, असे आम्ही पाड्यापर्यंत गेलो. गाडी तापली तरी त्यानं कुरकुर केली नाही. त्या वाटेत त्यानं मला सगळं सांगितलं, ते असं:

चांगोला मूलबाळ नव्हतं. एक बहीण, काशीबाय. तरुणपणीच नवऱ्याचं घर सोडून आली, ती भावाकडंच राहिली. एक पुतण्या, सुनील, मुरबाडला असतो. वरचं घर, उताराची वरकस जमीन आणि बाकी जे काही, ते सगळं पुतण्याला. खालचं शेत तेवढं मला. मी नको म्हटलं तर तेही पुतण्याला. त्यानं प्लॉटवाला ठरवून ठेवलेला. आजूबाजूच्यांनी दिलं होतं, मधला हाच तुकडा राहिला होता. आणि काशीबायचं खोपट त्याच तुकड्यात.

"मग चांगोनं बहिणीच्याच नावानं का नाय केलं?" मी विचारलं.

पाटलानं गाडी बंद केली. "सुनीलला तिनं कडेवर वाढवला. तो उद्या आला, आत्या, अंगठा दे बोलला, तर ती नाय म्हननार नाय. चांगोदादाला ते ठावं होतं."

"आणि शेत गेल्यावर ती कुठं जाणार?"

"ते कोन बोलत नाय," तो म्हणाला, आणि गाडीला लाथ मारली.

मी विचारलं, मीच का? त्याला ठाऊक नव्हतं. पाड्यात दोन मतं होती म्हणे. काही म्हणत होते चांगोला शेवटी भान नव्हतं. काही म्हणत होते शेणव्याकडं दुसरा एक वाळकू होता, म्हाताऱ्याचा घोटाळा झाला असणार.

आमच्याकडं पाहुण्याला पाणी दारात देतात, पाय धुऊन आत घेतात. काशीबायनं मला पाय न धुताच आत बोलावलं, चुलीजवळ बसवलं आणि पाण्याच्या तांब्यावर गुळाचा खडा ठेवून पुढं केला. माझ्याच वयाची असेल. काटकुळी, पण आवाज मोठा.

"नको म्हनायला आलात ना?"

"हो."

"ते उद्या म्हना. आता जेवा. जेवायला तरी हो म्हनता ना?"

नाचणीची भाकरी आणि कैरी घातलेला जवळा. दोनदा घेतला. ती समोर बसून बघत होती. मग तिनं मला एक लग्न सांगितलं. तिच्या पाड्यातल्या मुलाचं, आमच्या भावकीतल्या मुलीचं. मी तेव्हा तिशीत. आमच्या लोकांना उन्हात तिष्ठत ठेवलं आणि मग पंगतीत मागल्या पानावर बसवलं, म्हणून मी पानावरून उठलो आणि उपाशी चालत घरी गेलो. ते मला आठवतं, पाडा हाच होता हे विसरलो होतो. मी चुकलो असं मला आजही वाटत नाही.

"दादा तुमच्या मागं पळाला," काशीबाय म्हणाली. "फडक्यात लाडू-भात बांधून. पार ओढ्यापत्तर. हाका मारल्या. तुमी नाय घेतला."

हे मात्र मला आठवत नाही. मी मागं वळून बघितलंच नव्हतं, तर कोण आलं ते कसं आठवणार? की तो दुसरा वाळकू?

"दादा बोलायचा, पोटात आग आसताना हातातला नको म्हनतो, त्या मानसाला कोन इकत घेनार?"

"म्हणून शेत दिलं?"

"मला काय ठावं? मी तर बोलले, येडा झालास. एवढ्या ताठ मानसाच्या शेतात मी राहू कशी?"

ती हसली. मी हसलो नाही. शेत नको म्हटलं तर ज्यानं मला नाही म्हणणारा म्हणून निवडलं त्याचं वाटोळं. हो म्हटलं तर माझ्या आयुष्याचं.  मी अंगणात घोंगडी टाकून पडलो.

दुसरा दिवस: राब

ज्यांनी राब बघितला नाही त्यांच्यासाठी सांगतो. भाताचं रोप जिथं वाढवायचं तेवढा तुकडा पावसाआधी भाजून काढतात. खाली शेण, त्यावर वाळलेल्या फांद्या आणि पानं, त्यावर पेंढा, आणि सगळ्यावर बारीक मातीची चादर. मग आग भडकत नाही, आतल्या आत धुमसते, गवताचं बी मरतं आणि जमीन भाजते. हे शहापुरात आहे तसंच मुरबाडात.

सकाळी काशीबाय राब लावत होती. मी बांधावर बसलो होतो. सुनील दुपारी येणार होता, त्याच्यासमोर नको म्हणायचं आणि शेवटची एसटी धरायची, असं ठरलं होतं. मला त्या शेताचं काही नव्हतं. पण तिनं पानं कडेला जाड घातली आणि मधे पातळ. गप्प राहिलो. मग ती मातीची ढेकळं टाकायला लागली.

"बाय, माती फोडून टाक."

"तुमचा काय जातो?"

"माझं काय जात नाय. डोळं दुखतात."

"मग तिकडं बघा."

तिकडं बघितलं. तिकडं डोंगर होता. डोंगर किती वेळ बघणार? उठलो, पटका कमरेला बांधला आणि तिची पानं सारखी करायला घेतली. ढेकळं फोडली. तिनं अडवलं नाही, नुसती मधूनमधून बोलत होती, "शेनव्याला असा करतात होय? म्हनून तुमच्या तांदळात खडे."

सगळं सारखं झाल्यावर तिनं पेंढ्याची चूड पेटवली आणि गेली थेट पश्चिमेच्या कोपऱ्यात, जिकडून वारा येत होता. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आग वाऱ्याच्या पाठीवर बसली की पळते. वरवर जाळते आणि जमीन कोरीच राहते. तिला वाऱ्याच्या तोंडावर चालवायची असते, म्हणजे ती रांगत जाते. तिनं चूड टेकवली न टेकवली, कोपऱ्यातली पानं भुर्रकन गेली. मी ती पायानं विझवली, तिच्या हातातली चूड ओढून घेतली, "आण इकडं" म्हणालो, आणि पूर्वेच्या बांधाला जाऊन तिथनं राब पेटवला. पांढरा धूर जमिनीला धरून चालायला लागला. असा धूर बघून समाधान वाटतं. मी कमरेवर हात ठेवून उभा राहिलो.

तेव्हा लक्षात आलं की पलीकडच्या शेतांत राब लावणारी माणसं काम थांबवून माझ्याकडं बघतायत.

त्यातल्या एका म्हाताऱ्यानं ओरडून विचारलं, "हात कोनाचा लागला?"

"पाव्हण्याचा," कुणीतरी बोललं.

"झाला तर मग." आणि सगळे परत आपापल्या कामाला लागले.

मी काशीबायला विचारलं, काय झाला? ती बांधावर बसून पदरानं डोळे पुसत होती. धुरानं की हसून, ते कळलं नाही. तेवढ्यात बाळाराम पाटील आला, त्यानं सांगितलं. त्यांच्या पाड्यात ज्याच्या हातानं राब पेटला, त्या साली शेत त्याचं. मग भात घरात येईपर्यंत कुणी त्या बांधावर मोजणी घेऊन येत नाही, विकत घेणारा येत नाही, भावाभावाचं भांडण असलं तरी थांबतं. ज्यांनी प्लॉट दिले त्यांनी म्हणून यंदा राबच लावला नव्हता.

"आमच्याकडं असं काय नाय," मी म्हटलं. "आमच्याकडं कुणी पण लावतो. माझ्या राबाला एकदा जावयाची बिडी लागली होती."

"तुमच्याकडं नसंल," पाटील बोलला. "पन शेत तुमच्याकडं नाय ना. शेत हितं हाय."

मी काशीबायकडं वळलो. "तुला हे ठावं होतं."

"मला ठावं नसंल तर कोनाला? माझाच पाडा."

"मग मला बोलली का नाय?"

"मी बोलले का तुमाला, लावा?"

"नाय."

"मी लावत होते ना?"

"लावत होतीस."

"मग?"

  तिनं मुद्दाम वाऱ्याची बाजू धरली का, हे मी तिला नंतर खूपदा विचारलं आहे. दर वेळी ती म्हणते, मुरबाडात अशीच लावतात.

दुपारी सुनील आला, चारचाकी घेऊन, सोबत पांढऱ्या बुटांचा एक माणूस. पोरगा वाईट नाही. आल्या आल्या माझ्या पाया पडला. काशीबायनं त्यालाही गूळ-पाणी दिलं, खडा माझ्यापेक्षा मोठा.

"काका, तुमचा मोठेपना," तो म्हणाला. "प्रकाशदादाशी फोनवर बोलनं झालंय माझं. तो बोलला, बाबा नकोच म्हननार, तुमी तयारी ठेवा. तुमी एवढा शब्द टाका, बाकीचा आमी बघतो."

माझं नको माझ्या आधीच तिथं येऊन पोचलं होतं. मी जन्मभर ते स्वतःच्या तोंडानं म्हटलं, आणि माझ्या मुलानं ते उसनं देऊन टाकलं.

"आत्याला कुठं ठेवशील?" मी विचारलं.

"आमच्याकडं, मुरबाडला. ब्लॉक हाय. लाइट-पंखा सगळा."

"तिसऱ्या माळ्यावर," काशीबाय म्हणाली. "कोंबड्या कुठं सोडू रे, जिन्यात?"

"आत्या, तुझ्यासाठीच करतोय ना मी?"

"ठावं हाय मला." ती त्याच्याकडं बघत होती तेव्हा पाटील बोलला ते खरं होतं हे मला दिसलं. त्यानं हात पुढं केला असता तर तिनं अंगठा काय, हात काढून दिला असता. "पन तू राब लावायला आलास का रे कवा? तुझ्या आजानं लावलेला, दादानं लावलेला. एक साल यायचा."

सुनील धुराकडं बघत राहिला. मग हळूच विचारलं, "कोनी पेटवला?"

 सगळे माझ्याकडं बघायला लागले. पांढऱ्या बुटांचा माणूस म्हणाला, अहो, या जुन्या समजुती आहेत, कागदाला त्याचं काही नाही. खरंच होतं ते. मी तिथं उभ्या उभ्या नको म्हटलं असतं तर सगळं मिटलं असतं. तोंड उघडलं. नको येईना. हो तर मला म्हणताच येत नाही, सवय नाही. दोन्हीच्या मधे काय म्हणतात ते मला कुणी शिकवलेलं नाही.

"राब विझल्याशिवाय मी काय बोलत नाय," मी म्हणालो.

"कवा विझंल?"

"सकाळपर्यंत धुमसंल."

"मग सकाळी फोन करतो, काका." तो पुन्हा पाया पडला. जाताना आत्याच्या डोक्यावरचा काटकीचा तुकडा काढून टाकला.

संध्याकाळी आमच्या म्हातारीचा फोन आला. "बोललात का नको?"

"राब भाजतोय."

"कोनाचा?"

"तेच कळत नाय."

तिकडं तिनं चुलीत फुंकर घातली. मग विचारलं, "माती बारीक टाकली का?"

"टाकली."

"बरं," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

तिसऱ्या दिवशी सकाळी

उजाडताना मी राबाकडं गेलो. राख अजून कोमट होती. हात घालून बघितलं, माती चांगली भाजली होती, बोटात भुसभुशीत यायची. फक्त पश्चिमेचा कोपरा कोरा होता. तिथं आग पळून गेली होती आणि गवताची मुळं जिवंत होती. तेवढं राहिलं तर पावसात तिथनंच तण सगळ्या रोपात शिरणार.

त्या कोपऱ्यावर घालायला पानं हवी होती. फांद्या तोडायचे दिवस गेलेले, म्हणजे झाडाखालचा पातेरा झाडून आणायचा. आमच्याकडं पातेरा बायका आणतात. मी जन्मात आणला नव्हता, आणि आणणाऱ्या पुरुषाला मी नावं ठेवलेली आहेत. काशीबाय उठून चूल पेटवत होती. मी तिच्या पाठीमागनं वळसा घातला. खोपटाच्या कुडाला लावलेला खराटा घेतला, पाटी घेतली आणि वाटेवरच्या सागांखाली जाऊन झाडायला लागलो.

टोकावड्याला सकाळची गाडी धरायला निघालेली माणसं थांबून बघत होती. एकानं विचारलंच, "काय पाव्हणं, काय चाललाय?"

"दिसत नाय?"

पाटी भरली. दाबून भरली. डोक्यावर घेतली आणि खिशात फोन वाजायला लागला. दोन्ही हात पाटीला होते. वाजू दिला, आणि बांध उतरून शेतात गेलो.